हे जमवलं कोणी?

सुट्टी लागली की पालक विचारतात, “बाई, पोरांना चित्रं बघायला कुठं नेऊ?” साताऱ्यात चित्रकला शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिकच आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच असतं. मुंबईला न्यायचं, काळा घोड्याला उतरायचं, एका दिवसात दोन इमारती उरकायच्या आणि रात्रीच्या गाडीनं परत. मी मुंबईला नाही म्हणत नाही. पण माझा पहिला सल्ला औंधचा असतो. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीसेक किलोमीटर, एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी. दुसरा सल्ला असा, की कुठलंही संग्रहालय निवडताना त्याचा आकार बघू नका, ते कोणी जमवलं हे बघा. महाराष्ट्रातली चांगली संग्रहालयं कुणाच्या ना कुणाच्या हट्टातून उभी राहिली आहेत. तो हट्ट एकदा कळला की दालनातल्या वस्तू एकमेकींशी नातं सांगायला लागतात. तो कळला नाही, तर काचेमागे नुसती भांडी आणि तलवारी दिसतात.

औंधचा हट्ट राजाचा होता. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, सगळ्यांचे बाळासाहेब. जन्म १८६८ चा, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, १९०९ साली गादीवर आले. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं तेव्हा जी लहान संस्थानं इंग्रजांच्या थेट छत्राखाली गेली त्यांत औंध होतं. मुलूख तुकड्यातुकड्यांचा, बराचसा माणदेशातला, पाऊस कमी आणि महसूलही कमी. अशा संस्थानाच्या राजानं शिकारीचे फोटो काढून घ्यावेत, विलायतेच्या फेऱ्या कराव्यात आणि वारावं, हा त्या काळचा रिवाज. बाळासाहेबांनी स्वतः हातात कुंचला धरला. रामायणातल्या प्रसंगांची चित्रं काढून ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध केलं. ते कीर्तन करत. सूर्यनमस्काराचे तर इतके कट्टर पुरस्कर्ते, की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं मनावर घेतलं तेव्हा या दुष्काळी संस्थानाच्या धन्यानं लाख रुपयांचं वचन दिलं आणि आवृत्ती सचित्र व्हावी असा आग्रहही धरला. अजिंठ्याची लेणी त्यांनी चित्रकाराच्या नजरेनं पाहिली आणि त्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९३२ चं. या सगळ्याचा धागा एकच आहे. जे ऐकायचं किंवा वाचायचं असतं ते लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं या माणसाला वाटत होतं.

त्यांच्याभोवती जमलेली माणसंही तशीच. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आज वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जातात. पण ते मुळात जे. जे. स्कूलचे चित्रकार. हैदराबाद आणि लाहोरला त्यांनी चित्रशाळा चालवल्या, व्यक्तिचित्रं काढून पोट भरलं, इंग्रज सरकारची खप्पामर्जी ओढवून घेतली आणि मग औंधात येऊन स्वाध्याय मंडळ काढलं. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढं नावाजलेले चित्रकार झाले. गाण्यात अंतुबुवा जोशी होते, गजाननबुवांचे वडील. अंतुबुवांनी १९४० मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला औंधचा संगीत उत्सव अजून भरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून बस्तान हलवायची वेळ आली तेव्हा कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जागा याच राजानं दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराचा कारखाना आणि चित्रांचं दालन, दोन्हींना आसरा देणारा हात एकच होता.

गावाशेजारी यमाईचा डोंगर आहे, तिथं देवीचं मूळपीठ. श्रीभवानी चित्रवस्तुसंग्रहालय या डोंगराच्या वाटेवर आहे. ते १९३८ साली खुलं झालं. माझ्या मते त्या इमारतीतली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे तिची जागा. राजाला राजवाड्यातलं एखादं दालन झाडून घेता आलं असतं, पण तिथं पाहुणे आले असते, प्रजा आली नसती. देवीच्या वाटेवर मात्र सगळेच येतात. पौषातल्या यात्रेला आलेला, डोक्यावर पटका आणि खांद्यावर पोर घेतलेला माणूस वाटेत रविवर्म्यासमोर उभा राहतो, हे या जागेमुळे घडतं. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, बाळासाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली राज्यघटना मान्य करून कारभार गावपंचायतींच्या आणि लोकप्रतिनिधींच्या हाती सोपवला. इतिहासाची पुस्तकं या दोन गोष्टी वेगळ्या प्रकरणांत लिहितात. मला त्या एकाच माणसाच्या एकाच वळणाच्या वाटतात. आधी चित्रं लोकांच्या वाटेवर ठेवली, मग सत्ता.

आत गेलात की पहिल्यांदा चित्रं बघू नका, उजेड बघा. दालनांत वरच्या अंगानं उजेड घेतला आहे. तो भिंतीवर सावकाश उतरतो, त्यामुळे तैलचित्राच्या वार्निशवर दिव्याचा चकचकाट येत नाही आणि तिरकं उभं राहून मान वाकडी करावी लागत नाही. चित्र काढणाऱ्या माणसानं बांधून घेतलेली इमारत आहे, हे तिथंच कळतं. मी पोरांना नेते ते सकाळीच. ढगाळ दिवशी रंग मऊ दिसतात, कडक उन्हात उठाव वाढतो. एकच चित्र दोन वेळा बघायला मिळालं तर वर्गात महिनाभर शिकवून जे उमगत नाही ते उमगतं.

संग्रह पंचमेळ आहे आणि तो मुद्दाम तसा आहे. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, सातवळेकरांची आहेत. पहाडी शैलीतली लघुचित्रं आहेत. सहा ऋतूंना माणसाचं रूप दिलेली संगमरवरी शिल्पं आहेत. हस्तिदंत आणि चंदनाचं बारीक कोरीवकाम आहे. युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या नकलाही आहेत. नकला बघून शहरातला पाहुणा नाक मुरडतो. मी उलट सांगते, त्याच आधी बघा. ज्या राजाच्या प्रजेतल्या हजारातला एकही माणूस इटलीला जाणार नव्हता, त्यानं इटली माणदेशाच्या कडेला आणून ठेवली. आमच्या पेशात नक्कल हा शिक्षणाचा रस्ताच आहे. पोरगं उस्तादाच्या चित्रावरून चित्र काढतं तेव्हा त्याचा हात तयार होतो. आणि या सगळ्या गर्दीत हेन्री मूरचं ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्प आहे. विसाव्या शतकातल्या या इंग्रज शिल्पकाराचं काम बघायला लोक लंडनला जातात. एक आपल्या खटाव तालुक्यात आहे. रविवर्म्याच्या रेशमी पदरांवरून नजर काढून त्या गुळगुळीत, गोलसर दगडाकडे वळवली की दोन जगांमधलं अंतर चार पावलांत चालून होतं. पोरं विचारतात, “बाई, याला डोळे नीट का नाही काढले?” मी म्हणते, काढून बघ, आणि मग सांग शिल्प सुधारलं की बिघडलं.

संस्थान भारतात विलीन झालं, १९५१ साली बाळासाहेब गेले आणि संग्रह सरकारी पुरातत्त्व खात्याकडे आला. आज तिथं जाताना एक फोन करून किंवा गावात विचारून जावं, म्हणजे दार बंद बघून डोंगर उतरायची वेळ येत नाही.

राजाच्या तिजोरीला दुष्काळी का होईना, महसूल होता. पुण्यातला हट्ट चष्म्याच्या दुकानदाराचा होता. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करणारे. शाहिरांच्या आणि इतिहासाच्या नादानं ते जुन्या वस्तूंकडे वळले. साधारण १९२० पासून खेडोपाडी आणि वाड्यावाड्यांतून हिंडून ते वस्तू गोळा करू लागले. तो काळ कसा होता बघा. वाडे मोडत होते, पितळ मोडीत जात होतं, घराघरांत नव्या धर्तीची भांडी यायच्या बेतात होती. संग्रहालयं त्या वेळी राजांच्या तलवारी आणि देवांच्या मूर्ती ठेवत. केळकरांनी काय उचललं? अडकित्ते. समया आणि लामणदिवे. पानाचे डबे, दौती, कलमदानं, कुलपं, खेळणी, वाद्यं, दारांच्या चौकटी. पत्नी कमलाबाईंची साथ होती. या कामात पैसा कुठून यायचा आणि कुठं जायचा, हे संसार करणाऱ्या कुठल्याही बाईला समजेल. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. १९६२ साली शुक्रवार पेठेतल्या वाड्यात संग्रहालय उभं राहिलं, त्याला ‘राजा दिनकर केळकर’ असं नाव आहे, त्यातला ‘राजा’ तो मुलगा. १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. वस्तू वीस हजारांच्या आसपास, त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. कोथरूडला होता तो मस्तानीच्या महालाचा भागही तिथं आणून पुन्हा उभा केला आहे. बहुतेक लोक तोच बघून फोटो काढतात.

मी मात्र वज्रीच्या कपाटापाशी थांबते. वज्री म्हणजे न्हाताना टाचा घासायचं साधन, नव्या पिढीला हा शब्द सांगावा लागतो. पंजात मावेल एवढी वस्तू. खालचा भाग खरखरीत, आडव्या उभ्या रेघांचा, म्हणजे मळ निघावा. तो भाग पायाला लागणार, जमिनीवर आपटणार, कुणाला दिसणारही नाही. आणि वर, जिथं बोटांनी धरायचं, तिथं कारागिरानं पक्षी बसवलाय, कुठं बाई बसवलीय. धरायच्या जागी मान आणि पाठ अशी वळवलीय, की बोटं आपोआप योग्य ठिकाणी पडतील. सौंदर्य आणि पकड या दोन गोष्टी तिथं एकाच रेषेनं साधल्या आहेत. डिझाइन हा विषय शिकवायला मला पुस्तकातलं याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. ज्या कारागिरानं ती ओतली त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण केळकरांनी ती मोडीतून वाचवली, म्हणून त्याचा हात तरी उरला.

तिसरा हट्ट एका माणसाचा नाही, शहराचा. भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. सुरुवातीला सरकारला तिथं कला नको होती. कापूस, धान्य, लाकूड, कारागिरी असा देशातला व्यापारी माल दाखवायचा होता. तो संग्रह किल्ल्यातल्या बराकींत ठेवला होता. १८५७ चा उठाव झाला, सैन्याला बराकी हव्या झाल्या, सगळ्या वस्तू उचलून बाहेर काढल्या आणि बऱ्याच नासल्या. तिथंच तो विषय संपला असता. पण जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी वर्गणी जमवून नवी इमारत उभी करायचं ठरवलं. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, नाणी आणि शिलालेखांचे जाणकार. १८७२ साली इमारत लोकांना खुली झाली, तेव्हा तिला व्हिक्टोरिया राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं. ज्या माणसानं दारोदार पैसे मागितले त्याचं नाव लागायला १९७५ उजाडलं. पुढं इमारत फार खराब झाली होती. महापालिकेनं इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशनच्या सोबतीनं ती दुरुस्त केली आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. आता आतलं हिरवं सोनेरी छत बघायलाही लोक येतात. पोरांना मी त्याआधी बाहेरचा दगडी हत्ती दाखवते. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो १८६४ मध्ये विलायतेला न्यायला काढला, उचलताना फुटला, म्हणून आपल्याकडे राहिला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती बघताना पोरांना विचारते, हा फुटला नसता तर आज कुठं असता?

कोल्हापूरला तर प्रत्येक पेठेत चित्रकार. शाहू महाराजांच्या आश्रयानं आबालाल रहिमान तिथं रंगवत होते. महाराज गेल्यावर दुःखानं त्यांनी आपली बरीच चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात टाकली, असं कोल्हापुरात अजून सांगतात. उरलेल्यांपैकी काही टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्तीही तिथंच आहे. एवढीशी वस्तू केवढा व्यापार सांगते, ते तिच्यासमोर उभं राहिल्यावर कळतं. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं घर आहे. भालजी पेंढारकरांच्या सिनेमातले ते चंद्रकांत, बाबूराव पेंटरांच्या तालमीतले चित्रकार. आयुष्यभर काढलेली चित्रं आणि राहता बंगला दोन्ही त्यांनी सरकारला दिलं. सिनेमा सगळ्यांना ठाऊक असतो, घर थोड्यांना. राजानं, दुकानदारानं, शहरानं आणि नटानं जमवलेली चार ठिकाणं झाली. चारही आता सरकारच्या किंवा महापालिकेच्या ताब्यात आहेत, याची नोंद मात्र ठेवा. मालकी हस्तांतरित होते, हट्ट होत नाही. तो बघणाऱ्यानं आपल्यासोबत न्यावा लागतो.

प्रदर्शनांचा इतिहास वेगळ्या वाटेनं आला. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली तेव्हा तिच्यात गोऱ्या साहेबांचा आणि मडमांचा भरणा होता. वर्षातून एकदा चित्रं टांगायची, बक्षिसं वाटायची. त्याच प्रदर्शनांतून पुढं धुरंधरांसारख्या इथल्या विद्यार्थ्यांची नावं वर आली. १९३७ मध्ये अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ या चित्राला सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९४९ साली रॅम्पार्ट रो या रस्त्यावरच्या सोसायटीच्या दालनात सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मंडळींनी एकत्र प्रदर्शन भरवलं. कृष्णाजी आरांनी तर आधी मोटारी पुसून पोट भरलं होतं. १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी झाली आणि ज्याच्या मागं राजा नाही, संस्था नाही, अशा चित्रकारालाही आठवड्याभरासाठी भाड्याची भिंत मिळायला लागली. तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, पण तिथं गेलात तर चित्रकार स्वतः खुर्चीवर बसलेला असतो. हा फायदा कुठल्याही संग्रहालयात नाही. लाजू नका, जाऊन विचारा, हा निळा कसा आणला? ज्याला विचारलेलं आवडत नाही असा चित्रकार मला अजून भेटायचाय.

मुंबईबाहेर प्रदर्शनं शोधायची तर माझे ठरलेले पत्ते आहेत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारकाचं. सरकारचं राज्य कला प्रदर्शन दरवर्षी भरतं, त्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं हिवाळ्यात लागतात. तिथं फुकट जाता येतं आणि पुढच्या वीस वर्षांतली नावं आधीच वाचून घेता येतात. आणि एक पत्ता कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. गावातला फ्रेमवाला. चित्रं काचेत बसवायला त्याच्याकडेच येतात, म्हणून कोण काय काढतंय, कुणाच्या वाड्यात काय टांगलंय आणि पुढच्या महिन्यात कुठला हॉल कुणी धरलाय, सगळं त्याला ठाऊक असतं.

संग्रहालयात गेल्यावर सगळं बघायचा नाद सोडा. पोरांना मी एकच वस्तू निवडायला लावते, तिच्यासमोर जमिनीवर बसवते आणि पेन्सिलनं काढायला लावते. फोटोला सेकंद लागतो, रेखाटनाला अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात पोरगं कधी नव्हे ते बघतं. पहारेकरी येऊन बघतो, मग तोही दोन गोष्टी सांगतो. कपाटावरच्या पाटीत त्या नसतात.

पाटीत नसलेल्या गोष्टी हेच आता माझ्या चिंतेचं कारण आहे. केळकर होते तोवर ते स्वतः दिवा हातात घेऊन तो कुठल्या गावातून, कुणाच्या माळ्यावरून आणि किती घासाघीस करून आणला ते सांगू शकत होते. आज दिवा आहे, पाटी आहे, ती कहाणी नाही. आपल्या तालुक्यांत अजून जमवणारे आहेत. कुणाकडे नाणी आहेत, कुणाकडे जुने कॅमेरे, कुणाकडे नाटकांची भित्तिपत्रकं किंवा आजीच्या काळच्या भरतकामाचे नमुने. शेजारपाजारचे त्यांना वेडे म्हणतात आणि घरातले त्यांच्या संग्रहाला अडगळ म्हणतात. अशा माणसाचं नाव कळलं की पोरांना घेऊन सरळ त्याच्या घरी जा. त्याचं संग्रहालय होईपर्यंत थांबू नका. तिकीट नाही, वेळापत्रक नाही, आणि ‘हे कुठून आणलंत?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला जमवणारा अजून समोर आहे.